आपली नोंद, आपल्या हाती

(जळगाव आणि धुळे येथील कार्यकर्त्यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)

विषय ऐकून मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या, ते मला दिसले. युनिक्स यंत्रावर एडिटर बसवणे हा काही आपल्या बैठकीचा नेहमीचा विषय नव्हे. मी इंजिनिअर नाही. बायकांबरोबर पोलीस स्टेशनात जाणे, कोर्टाच्या व्हरांड्यात बसणे, हे माझे काम. त्याच कामाने मला या विषयाकडे आणले. ते कसे घडले ते आधी सांगते.

२००७ सालची गोष्ट. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला होता. बातमी खेड्यापर्यंत पोचली होती आणि जुन्या बायका परत येऊ लागल्या होत्या. त्यातली एक सात वर्षांपूर्वी आमच्या जळगावच्या केंद्रात येऊन गेलेली. तेव्हा तिने जबाब दिला होता आणि दोन मुलांकडे बघून पुन्हा नांदायला गेली होती. आता ती कायमची बाहेर पडली होती. वकीलबाईंनी तिला विचारले, "पूर्वी कुठे तक्रार केली होती का? त्या वेळचे काही लिहिलेले आहे का?" तिने माझ्याकडे बोट केले. "या ताईंनी लिहून घेतलं होतं ना."

लिहून घेतले होते हे खरे. २००० साली आमच्याकडे देणगीत आलेला एक संगणक होता. त्या काळी मराठी अक्षरांची विकत मिळणारी सॉफ्टवेअर बऱ्याचदा एका कुलपासकट येत. बोटाएवढी एक वस्तू संगणकाच्या पाठीला खोचायची. ती नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. आम्ही जबाब संगणकावर घेऊ लागलो, फ्लॉपीवर साठवू लागलो आणि मोठ्या आनंदाने कागदी रजिस्टर बंद केले. पुढे तो संगणक बिघडला आणि भंगारात गेला. कुलूप त्याच्या पाठीलाच राहिले, कुणाच्या लक्षातही आले नाही. २००७ साली तिची फ्लॉपी दुसऱ्या संगणकात घातली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टिंबे आणि उद्गारचिन्हे यांचा नुसता काला दिसला. छापलेली प्रत तिच्याकडे होती. ती नवऱ्याने चुलीत घातली होती.

ती बाई पडद्याकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हते. तिने विचारले, "हे माझंच आहे का?" मला उत्तर देता आले नाही.

असे का झाले, ते आधी समजून घेऊ. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवले असेल तरच एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येते. देवनागरीसाठी हे ठरलेले होते. १९९१ साली भारतीय मानक म्हणून इस्की ही पद्धत जाहीर झाली आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. पण बाजारातल्या फॉन्टांनी आपापली सोय पाहिली. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवली, आणि प्रत्येकाने वेगवेगळी बसवली. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की खालचा रोमन गाळ वर येतो.

धुळ्याच्या मैत्रिणींना हे चटकन कळेल. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि लगेच १९२७ साली तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली. अशा दप्तरांतले कितीतरी कागद मोडीत आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, पण मोडी वाचणारी माणसे थोडी. मोडी मागे पडायला काही पिढ्या लागल्या. आमच्या फ्लॉपीची मोडी सात वर्षांत झाली.

आता एडिटरकडे येते.

टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहायचे, दुरुस्त करायचे साधन. त्यात ठळक अक्षर नाही, रंग नाही, चौकट नाही, नुसता मजकूर. म्हणूनच त्याची फाईल कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. आमच्या सुदैवाने तिचा जबाब साध्या मजकुराच्या फायलींमध्ये होता. छपाईच्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या ठेवणीत साठवलेल्या बाकीच्या फायली आजही उघडत नाहीत. त्या बायकांचे शब्द गेले, आणि ते माझ्या हातून गेले. हे मला तुमच्यासमोर सांगितलेच पाहिजे.

एका कॉलेजातल्या मुलीने वाट दाखवली. ती म्हणाली, "ताई, हा गाळ नाही. प्रत्येक चिन्हामागे एक ठरलेलं अक्षर आहे. तक्ता केला की उलट बदलता येईल." त्यासाठी एका फाईलभर एकाच वेळी बदल करणारा एडिटर हवा होता, आणि त्याला युनिकोड कळायला हवे होते. तिने व्हिम सुचवला.

व्हिमची कुळकथा थोडक्यात सांगते. युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत जन्मली. तिच्यावर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय नावाचा एडिटर लिहिला. त्याच्याच वळणावर हॉलंडच्या ब्राम मोलेनार यांनी व्हिम लिहून १९९१ साली लोकांसाठी खुला केला. त्याच वर्षी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी युनिक्सच्या धर्तीवर लिनक्स सुरू केले.

'शेअरवेअर' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत ही रीत रुजली: सॉफ्टवेअर घ्या, वापरून बघा, मैत्रिणीला द्या, उपयोगी पडले तर लेखकाला पैसे पाठवा. मोलेनार यांची विनंती वेगळी होती. १९९४ साली ते युगांडातल्या किबाले इथल्या बालकेंद्रात पाणी आणि स्वच्छतेचे काम करायला गेले होते. त्या भागात एड्समुळे अनेक मुले अनाथ झाली होती. म्हणून व्हिमच्या परवान्यात त्यांनी विनंती लिहिली: व्हिम उपयोगी वाटला तर या मुलांना मदत करा. मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारले. व्हिमचे काम इतरांनी पुढे चालू ठेवले आहे.

व्हिमचा मूळ सोर्स कोड खुला आहे, आणि इथेच कम्पाइल करण्याचा संबंध येतो. सोर्स कोड म्हणजे दाणे, चालणारा प्रोग्राम म्हणजे पीठ, आणि कम्पाइल करणे म्हणजे दळणे. बाजारातून पीठ आणले की त्यात काय मिसळले आहे ते दिसत नाही. दाणे आणले तर निवडता येतात, आणि कळण्याच्या भाकरीला उडीद किती घालायचा ते आपण ठरवतो. युनिक्सच्या जगात तर यंत्रे तऱ्हेतऱ्हेची. एकाचे पीठ दुसऱ्याला चालेलच असे नाही. म्हणून तिथे पहिल्यापासून दाणे द्यायची आणि आपापल्या घरी दळायची पद्धत पडली.

आम्हाला दळावे का लागले? एका संस्थेने संध्याकाळच्या वेळी आपले लिनक्स यंत्र वापरायला दिले होते. त्यावर व्हिम होता, पण छोटा केलेला. व्हिमला त्याची आवृत्ती विचारली की तो आपल्यात काय आहे आणि काय नाही याची यादी दाखवतो. असेल त्याच्या आधी अधिक चिन्ह, नसेल त्याच्या आधी उणे. 'मल्टी-बाइट'च्या आधी उणे होते. म्हणजे देवनागरी त्याला कळणार नव्हती. यंत्र सांभाळणारे गृहस्थ आठवड्यातून एकदा येत. त्यांना विनंती केली तर म्हणाले, "तुम्हाला कशाला हवंय हे? टाईप करायचं असेल तर मुलाला सांगा."

युनिक्सवर एक सर्वाधिकारी खाते असते, त्याला 'रूट' म्हणतात. घरातल्या कर्त्या पुरुषासारखे: सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. आम्ही समजत होतो की त्याच्या परवानगीशिवाय काहीच बसवता येत नाही. ते खरे नव्हते. प्रत्येक खातेदाराला 'होम' नावाची स्वतःची जागा असते. तिथे आपण आपला प्रोग्राम दळून बसवू शकतो, फक्त यंत्रावर कम्पायलर असायला हवा. तो होता.

कृती अशी. आज्ञांची नेमकी रोमन अक्षरे तुम्हाला वाटलेल्या चिठ्ठीवर आहेत. इथे मी अर्थ सांगते.

पहिली पायरी, सोर्स कोडचे बोचके आपल्या होममध्ये आणून 'टार' या आज्ञेने सोडायचे.

दुसरी पायरी, आत जाऊन 'कॉन्फिगर' चालवायचे. हे यंत्राची चौकशी करते: कम्पायलर आहे का, लागणारी साधने आहेत का. त्याला दोन गोष्टी सांगायच्या. एक, 'प्रीफिक्स', म्हणजे तयार माल कुठे ठेवायचा. तिथे आपल्या होमचा पत्ता द्यायचा. दुसरी, मल्टी-बाइट हवे आहे. तेव्हाच्या व्हिममध्ये हे मुद्दाम सांगावे लागे.

आमचे कॉन्फिगर अर्ध्यात थांबले. टर्मिनलची लायब्ररी सापडत नाही, 'एनकर्सेस' बसवा, असे त्याने स्वच्छ लिहिले होते. पण पडदा इंग्रजीने भरलेला पाहून आम्ही घाबरलो आणि यंत्र बंद करून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने एकेक ओळ वाचायला लावली. एनकर्सेससुद्धा त्याच रीतीने आणले, होममध्येच दळले आणि कॉन्फिगरला त्याचा पत्ता दिला. मग ते पुढे गेले.

तिसरी पायरी 'मेक'. हे प्रत्यक्ष दळण. ओळींमागून ओळी धावतात. 'वॉर्निंग' शब्द दिसला तरी थांबायचे कारण नाही, ती नुसती सूचना असते. 'एरर' आला तर मात्र थांबायचे आणि वर जाऊन पहिला एरर वाचायचा. खालचे बहुतेक त्या पहिल्यातूनच निघालेले असतात.

चौथी पायरी 'मेक इन्स्टॉल'. प्रीफिक्स आपल्या होमचा असल्याने रूटचा पासवर्ड कुणी विचारत नाही.

एवढे करून व्हिम सुरू केला तर पुन्हा मल्टी-बाइट उणेच! यंत्र अजून जुनाच व्हिम उघडत होते. कोणता प्रोग्राम कुठे शोधायचा याची एक यादी यंत्राकडे असते, तिला 'पाथ' म्हणतात. त्यात आपल्या जागेचे नाव सर्वात आधी लिहावे लागते. ते 'प्रोफाईल' फाईलमध्ये लिहिले, भाषेची मांडणी युटीएफ-८ केली, बाहेर पडून पुन्हा आत आलो. या वेळी अधिक चिन्ह दिसले. व्हिमच्या सुरुवातीच्या पडद्यावर ओळ होती: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. आम्ही चौघी खान्देशातल्या बायका ती ओळ वाचत गप्प उभ्या राहिलो.

मग तक्ता. जुन्या फॉन्टमध्ये दोनशेच्या आसपास चिन्हे होती, कारण अर्धी अक्षरे, मात्रा, जोडाक्षरे सगळी वेगळी. व्हिममध्ये एका आज्ञेने सबंध फाईलभर एका चिन्हाच्या जागी दुसरे घालता येते. तशा आज्ञांची यादीच फाईल करून चालवता येते. क्रम मात्र महत्त्वाचा. अनेक चिन्हांनी बनलेले अक्षर आधी बदलायचे, एकट्या चिन्हाचे नंतर. नाहीतर मोठे अक्षर मधूनच तुटते. दुसरी अडचण ऱ्हस्व वेलांटीची. 'कि' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसते तशी आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये बोलतो तसे आधी क, मग वेलांटी. रफाराचेही तसेच: 'सूर्य'मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये य-नंतर, युनिकोडमध्ये य-च्या आधी. या दोन्ही जागा बदलणाऱ्या आज्ञा लिहायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. पडद्यावर जोडाक्षरे फुटकी दिसत, कारण टर्मिनलला ती नीट जुळवता येत नव्हती. फाईल मात्र बरोबर होती. ती नीट दिसावी म्हणून गास्पार सिनाय यांचा 'युडिट' हा युनिकोड एडिटरही आम्ही पुढे असाच दळून घेतला.

जबाब उघडला. बाईला बोलावले आणि मोठ्याने वाचून दाखवला. "पतीकडून वारंवार शारीरिक व मानसिक छळ होत असे." ती मध्येच म्हणाली, "मी असं नव्हते बोलले."

मला वाटले तक्त्यात चूक झाली. पुन्हा पुन्हा तपासले. तक्ता बरोबर होता. चूक २००० सालची होती आणि माझी होती. तिने तेव्हा अहिराणीत सांगितले होते की त्याने तापलेले उलथणे मनगटाला लावले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि सासू दारात उभी होती. तिला ते सगळे आठवत होते. डाग मनगटावर होता. मी ते शुद्ध मराठीत, सभ्य करून, एका ओळीत बसवले होते. दिवस गेला, उलथणे गेले, दारातली सासू गेली. वकीलबाईंना नेमके तेच हवे होते. त्या जुन्या कागदातून एवढेच निघाले की ती २००० साली आमच्याकडे आली होती. बाकीचे तिने नव्याने सांगितले, आणि या वेळी ते तिच्या शब्दांत लिहिले.

आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने त्यांची गाणी त्यांच्याच बोलीत टिपली, म्हणून १९५२ साली ती छापता आली. ती कुणी 'शुद्ध' करून लिहिली असती तर? आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. उलट, १९७० नंतरच्या वर्षांत शहाद्याच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडत मोर्चे काढले. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. त्या आंदोलनावर पुष्कळ लिहिले गेले, पण त्या बायकांच्या स्वतःच्या बोलीतले आपल्याला कितीसे वाचायला मिळते? साधा एडिटर अहिराणी शब्दाखाली आपण होऊन लाल रेघ मारत नाही. तो नेहमीच्या कामाला वापरायचे हेही एक कारण.

एक सावधगिरीची गोष्ट. १९९४ साली जळगावात जे वासनाकांड उघड झाले, त्यात फोटोंच्या धाकाने मुलींची तोंडे बंद ठेवली गेली होती. बाईविषयीचा कागद भलत्या हातात पडला की काय होते, हे या गावाला सांगायला नको. फाईलला 'सीएचमॉड' या आज्ञेने फक्त आपल्यालाच वाचायची मुभा देता येते. पण रूटला ती तरीही वाचता येते. शिवाय व्हिम काम चालू असताना शेजारी एक तात्पुरती प्रत ठेवतो, 'स्वॉप' फाईल. यंत्र मध्येच बंद पडले तर ती मागे राहते. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावर आम्ही नावगाव काढून, नुसता क्रमांक घालून काम केले आणि शेवटी सगळे पुसले. पुढे एक जुना संगणक मिळवून त्यावर लिनक्स घातले. आता त्याचा रूट पासवर्ड दोघींकडे असतो.

धुळ्याच्या केंद्रात हेच करायची वेळ आली तेव्हा मी जाणार होते. तिथली मैत्रीण म्हणाली, "नका येऊ, चिठ्ठी पाठवा." दहावी नापास झालेली बाई. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला: "ताई, व्हई गयं!" तिचे कॉन्फिगर तीनदा थांबले होते. दर वेळी तिने पहिली ओळ वहीत उतरवून घेतली आणि मुलीच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडून अर्थ लावून घेतला. तुमच्या हातातली चिठ्ठी तिने दुरुस्त केलेली आहे.

आज तयार व्हिम सहज मिळतो आणि मोबाईलवरही युनिकोड मराठी लिहिता येते. तेव्हा प्रत्येकीने कम्पाइल केलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. पण प्रत्येक केंद्रात निदान एकीने एकदा करून पाहावे. म्हणजे "तुम्हाला कशाला हवंय" असे कुणी म्हणाले की ती गप्प बसणार नाही. आणि आजपासून तीन गोष्टी करा. जबाब युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवा. कागदी रजिस्टर बंद करू नका. आणि लिहून झाले की बाईला वाचून दाखवा, "मी असं नव्हते बोलले" म्हणायची संधी तिला त्याच दिवशी द्या.

ज्यांच्याकडे जुन्या फ्लॉपी पडून आहेत त्यांनी जेवणानंतर इथेच थांबा. तक्ता मी बरोबर आणला आहे.